तिसऱ्या दिवसाचे मासे

पाण्यात वाढलेल्या बेशरमीच्या झुडपात अडकलेला कतला डोमाने वल्ह्याच्या टोकाने जवळ ओढला. कावळे नुकतेच उठून गेले होते. माशाचा एक डोळा त्यांनी नेला होता. डोमाने डोंगा झुडपाला टेकवला, कल्ल्यात बोटे घालून मासा वर घेतला आणि उलटून पालटून पाहिला. सहा किलोच्या आतबाहेर असेल. वरचा ओठ फाटून लोंबत होता. दोन्ही कुशींवर, लहान मुलाला उचलताना माणूस जिथे हात घालतो तिथेच, कापसासारखी पांढरी बुरशी फुटली होती.

हा मासा त्याच्या ओळखीचा होता. शेपटीचा खालचा पंख अर्धा तुटका. परवा, रविवारी, नागपूरच्या एका चष्मेवाल्या साहेबाने त्याला छातीशी धरून फोटो काढून घेतले होते. आधी टोपी घालून, मग टोपी काढून. पाण्यात सोडताना साहेब प्रेमाने म्हणाला होता, "जा बेटा, मजा कर." मासा शेपटी हलवत खोल पाण्यात गेला तेव्हा काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आज मंगळवार. रविवार, सोमवार, मंगळवार. डोमाने बोटांवर मोजले. मागच्या आठवड्यातले दोन मासेही असेच तिसऱ्या दिवशी वर आले होते.

सालईटोल्याचा हा तलाव आंबागडच्या डोंगराखाली आहे. धानाला पाणी देणारा जुना तलाव. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाची आणि जांभळाची झाडे. मासेमारीचा हक्क टोल्यातल्या ढिवरांच्या संस्थेकडे. डोमा स्वतः ढिवर नव्हता. त्याचे घर विहाराच्या गल्लीत, पाळीला अगदी लागून, म्हणून बावीस वर्षांपूर्वी संस्थेने त्याला राखणदार ठेवले, आणि चोरी झाली नाही म्हणून ठेवूनच दिले. तेव्हा मत्स्यबीज पिशव्यांतून येत नसे. बोटाएवढी पिल्ले ॲल्युमिनियमच्या हंड्यांत घालून ट्रकच्या मागे बसायचे आणि तलाव येईपर्यंत हाताने पाणी हलवत राहायचे. हात थांबला की पिल्ले गुदमरलीच. डोमाच्या हंड्यात मेलेले पिल्लू निघत नसे. एवढीच काय ती त्याची कीर्ती, आणि तीही टोल्याबाहेर गेली नव्हती.

चार वर्षांपूर्वी नागपूरच्या हौशी लोकांच्या एका क्लबने तलाव घेतला. संस्थेला वर्षाची ठरलेली रक्कम आणि जाळे टाकायला आसपासचे दोन लहान तलाव मिळाले. या तलावात मात्र जाळे बंद. साहेब लोक रविवारी गाड्या घेऊन येत, लांब काठ्यांनी गरी, म्हणजे गळ, टाकत, मासा धरत, फोटो काढत आणि सोडून देत. मासा मारायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

"पकडून सोडून देतेत?" जनाबाईने पहिल्याच दिवशी विचारले होते. "मंग पकडतेत कायले?" जनाबाई टोल्यातली म्हातारी ढिवरीण. चाळीस वर्षे याच तलावाचा मासा तिने टोपलीतून तुमसरच्या बाजारात नेला होता. लोक हसले आणि पुढे ते अंगवळणी पडले.

क्लबचा आणखी एक नियम होता. मेलेला मासा कोणी खायचा नाही, विकायचा नाही. राखणदाराने तो गाडून टाकायचा. नाही तर उद्या कोणीही मासा मारेल आणि मेलेला सापडला म्हणेल. नियमात खोट काढायला जागा नव्हती. गाडायचे काम डोमाचे होते.

डोंगा काठाला लागला तेव्हा पाळीवर श्यामराव उभा होता. संस्थेचा अध्यक्ष, पांढरा सदरा, खिशात मोबाइल.

"का बा डोमा, आज बी?"

"हव. परवाचाच हाय. टोपीवाल्या साहेबाचा."

"तुले कसं मालूम?"

"शेपूट पाहा ना भाऊ."

श्यामरावाने शेपटीकडे पाहिले नाही. "मासा हाय, तं मरनच. उन्हाळा लागला, पानी आटून राहिलं."

"बाकीचे तं नाही मरून राहिले. गरीवालेच मरतेत. साहेब म्हनतेत, सोडलेला जगते. कोनी पाह्यलं का पन?"

"तू गाडून टाक आन् चूप राह्य. साहेबायले असं काही सांगू नोको. सगळं बराबर चालून राहिलं हाय."

डोमाने मोहाखाली खड्डा केला आणि मासा गाडला. पण तो चूप राहिला तरी त्याचे मन चूप राहीना.

तसा तो हळव्या मनाचा नव्हता. जाळे चालायचे त्या दिवसांत हिवाळ्यातल्या एकेका सकाळी त्याने शेकडो माशांच्या डोक्यात दांडके घातले होते आणि घरी येऊन त्यातलाच मासा भाताबरोबर खाल्ला होता. तेव्हा मारणे म्हणजे मारणे होते. इथे टाळ्या वाजत, मासा पाण्यात जाई, सगळे खूश होऊन घरी जात. आणि तो तिकडे बेशरमीच्या बुडाशी दोन दिवस तळमळून मरे. कोणाच्या ताटात नाही, कोणाच्या हिशेबात नाही. हे डोमाला नीट शब्दांत मांडता येत नव्हते. शब्द सापडत नाहीत म्हणून तो उठे, पाळीवर जाऊन येई, बसे, पुन्हा उठे.

"दोन घडी बसत कायले नाही तुमी?" त्याची बायको पार्वताबाई म्हणाली. तिच्यापुढे सुपात तांदूळ होते. "चटका लागल्यावानी फिरून राहिले."

डोमाने तिला माशाचे सांगितले. तिने खडे निवडत ऐकून घेतले.

"आपली प्रतिक्षा का सांगते?" ती म्हणाली. त्यांची मुलगी तुमसरच्या एका दवाखान्यात नर्स होती. "टाके घातले का पेशंटले तीन रोज ठेवून घेतेत. ताप पाहातेत, जेवला का पाहातेत, मंगच घरी जाऊ देतेत. तुमचे साहेब तं जखम करतेत आन् त्याच घडीले सुटी देतेत. मंग तो जगला का मेला, कोनाले दिसन?"

"म्हनजे?"

"म्हनजे ठेवून घ्या ना तीन रोज. दिसनच."

डोमा उठला, पण या वेळी फेऱ्या मारायला नाही. माळ्यावरून जुनी नायलॉनची जाळी काढली. बीज ठेवायला पाण्यात हापा बांधतात: चार खुंट्यांना बांधलेली जाळीची पेटी, तळ बंद, तोंड वर. पिल्लांचा हापा लहान असतो. मोठ्या माशांना पुरेल असा हापा नवरा-बायकोने दोन दिवस बसून शिवला. डोमाने तो जांभळाच्या सावलीत, छातीएवढ्या पाण्यात बांधला. तिथे लव्हाळे दाट होते, साहेब लोक तिकडे जात नसत.

रविवारी मासा सोडायचे काम बहुतेक वेळा डोमाकडेच येई. फोटो झाले की साहेब हात धुवायला जात आणि मासा डोमाच्या हातात देत. तो मासा आता पाणी भरलेल्या टबात जाई आणि टबातून हाप्यात. कोणी विचारले नाही. मासा नजरेआड झाला की साहेबांचे लक्ष पुढच्या काठीकडे जात असे.

मासा पाण्याबाहेर किती वेळ राहतो हे मोजायला डोमाकडे घड्याळ नव्हते, आणि सर्वांसमोर मोबाइल काढून बघायची लाज वाटे. म्हणून मासा वर आला की तो आपला श्वास कोंडून धरी. एक श्वास, दोन श्वास. एका साहेबाने बायकोला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा डोमाचे पाच श्वास झाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

सातवीपर्यंत शिकलेला माणूस. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो रोज संध्याकाळी लिहू लागला. रोहू, अडीच किलो, ओठात गरी, एक श्वास, जगला. कतला, चार किलो, घशात गरी, पक्कडीने ओढली, तीन श्वास, दुसऱ्या दिवशी मेला. कतला, मुरुमावर आपटला, मेला. असे पाच रविवार. चौदा मासे हाप्यात ठेवले, त्यांतले पाच मेले.

पाचांचा आकडा पाहून त्याला वाईट वाटले, पण नऊचे जास्त कुतूहल वाटले. ओठात गरी लागलेले आणि लगेच पाण्यात गेलेले सगळेच्या सगळे जगले होते. ओल्या हातांनी धरलेल्यांच्या अंगावर बुरशी आली नव्हती. एका रोहूने गरी पार खोल गिळली होती. साहेब पक्कड शोधायला गेले तेवढ्यात डोमाने दोराच कापून टाकला. तो रोहू गरी पोटात घेऊन जगला आणि हाप्यातून सोडल्यावर हाताला झटका देऊन गेला. घशातून गरी ओढून काढलेले तिघे मात्र गेले. म्हणजे मरण गरीत नव्हते, माणसाच्या हातात होते. आणि हात तर शिकवता येतात. हे कळल्यावर डोमाची अस्वस्थता कमी व्हायला हवी होती. ती दुप्पट झाली. आता त्याला माहीत होते आणि तो सांगत नव्हता.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी क्लबची स्पर्धा होती. शुक्रवारी क्लबचा प्रमुख सचिन तंबूची जागा पाहायला आला. चाळिशीचा, उंच माणूस. नागपुरात औषधांचा ठोक धंदा. माशांवर त्याचा खरेच जीव होता. काठावर कोणी सिगारेटचे थोटूक टाकले तर तो स्वतः उचलत असे. डोमाने त्याला जांभळाखाली नेले, हापा दाखवला आणि चौदांतले पाच मेल्याचे सांगितले.

सचिनचा चेहरा उतरला. "डोमाभाऊ, तुम्ही मासे कोंडून ठेवले? कोणाला विचारून?"

"कोनाले नाही इचारलं."

"आणि मेले म्हणता. अहो, कोंडल्यामुळेच मेले असतील. जाळीत घासून, घाबरून."

"हव. मले बी तसंच वाटलं होतं," डोमा म्हणाला. "म्हून तीन मासे म्या फेकजाळ्यानं धरले. गरी नाही लावली. हात ओले केले आन् ह्याच हाप्यात टाकले, ह्याच पान्यात. तीन रोज ठेवले. ते तिन्ही जगले, साहेब."

डोमाने कॅलेंडरचा कागद पुढे केला. सचिनने तो हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा वरून वाचला. जाळीत पाण्याचा बुडबुडा फुटला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं करायला?"

"घरच्यांनी."

सचिन हसला नाही. "मला दहा वर्षं झाली हे करताना," तो म्हणाला. "मी किती मासे सोडले असतील याचा हिशेब नाही. मी कधी तिसऱ्या दिवशी आलोच नाही."

"रविवारचं थांबवा साहेब. पानी गरम हाय. आठ वाजल्यावर हात घालून पाहा."

"आता कसं थांबवणार? छत्तीस लोक येतायत. रायपूरचे लोक तर निघालेही असतील." त्याने खाली वाकून पाण्यात हात घातला. "सकाळी साडेपाचला सुरू करतो. दहाला शिट्टी. दहानंतर एकही गरी पाण्यात नाही. शब्द देतो."

संध्याकाळी श्यामरावाला हे कळले. तो डोमाच्या दारापर्यंत आला, आत आला नाही. "म्या तुले का सांगतलं होतं?" एवढेच म्हणाला. पार्वताबाईने चहाचे विचारले तर मान हलवून निघून गेला.

रविवारी सचिनने शब्द पाळला. दहाला शिट्टी वाजली. पण पावणेदहाला रायपूरच्या एका धिप्पाड पाहुण्याच्या गरीला काहीतरी लागले होते, आणि लागलेले सोडा असे कोणाला म्हणता येईना. दोरा तलावाच्या मध्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. छत्तीस माणसे एका काठावर जमली. साडेदहाच्या पुढे मासा उताणा होत काठाला आला.

डोमाने त्याला पूर्वी दोनदाच पाहिले होते, दोन्ही वेळा दुरून, पावसाळ्यात. जाळ्याच्या काळातही हा कतला जाळ्यावरून उडी मारून जाई. त्याच्या पाठीवर शेवाळाचा रंग चढला होता आणि डोके बैलाच्या वशिंडाएवढे होते.

"पान्यातच ठेवा," डोमा म्हणाला. कोणी ऐकले नाही. मासा तापलेल्या ताडपत्रीवर आला. गरी घशात होती. पक्कड आत गेली, पिळली गेली, गरी निघाली आणि तिच्यामागून गडद रक्त आले. काटा आणला गेला. जबड्यात हूक घालून मासा टांगला. वीस किलो चारशे. लोक ओरडले. डोमाने श्वास कोंडला होता, तो सोडला, पुन्हा कोंडला. बादली आणून त्याने माशावर पाणी ओतले तेव्हा एका पाहुण्याचे बूट भिजले आणि तो चिडला. मग फोटो: पाहुणा एकटा, पाहुणा मुलांसोबत, पाहुणा आणि क्लबचा फलक. सहाव्या श्वासाला सचिन मध्ये शिरला. "बस. आता बस," तो म्हणाला आणि त्याने स्वतः मासा उचलून डोमाच्या हातात दिला.

डोमा मासा घेऊन जांभळाच्या सावलीत, छातीएवढ्या पाण्यात गेला. हाप्यात हा मावणार नव्हता. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी. तोंड मोकळ्या पाण्याकडे धरून तो माशाला हळूहळू पुढे नेई, वळवून आणी, पुन्हा पुढे नेई, म्हणजे कल्ल्यांतून पाणी फिरावे. हात सैल केला की मासा कलंडे. कल्ले उघडत होते, पण दोन उघडण्यांच्या मध्ये फार वेळ जात होता.

तंबूत जेवणे सुरू झाली. बक्षीस रायपूरला गेले. सचिन हातात ताट घेऊन काठावर आला.

"किती वेळ धरणार?"

"त्याले जाऊ वाटन तवा जाईन."

सचिन तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने ताट दगडावर ठेवले. ते तसेच राहिले, त्यावर माश्या बसल्या.

एकच्या सुमारास पार्वताबाई डबा घेऊन आली. नवरा पाण्यात, दोन्ही हात गुंतलेले. तिने इकडे तिकडे पाहिले नाही. लुगड्याचा ओचा खोचला, डबा एका हातात उंच धरून ती त्याच्यापर्यंत पाण्यात गेली आणि भात-वरणाचा एकेक घास त्याच्या तोंडात घालू लागली. काठावर दोन पाहुण्यांनी मोबाइल काढले. सचिनने त्यांना हाताने थांबवले.

"कसा हाय?" तिने विचारले.

"कल्ले हलवून राहिला."

"जगन का?"

डोमाने घास गिळला. "घसा फाटला हाय."

तिने त्याला पाणी पाजले, पदराने त्याचे तोंड पुसले. मग तीच ओली बोटे तिने माशाच्या पाठीवरून फिरवली आणि ती काठावर जाऊन बसली.

गाड्या एकेक करून गेल्या. तंबू उतरला. डोमाच्या हातांना बधिरता आली होती आणि बोटांची कातडी पांढरी पडली होती. चारच्या पुढे माशाची शेपटी त्याच्या मुठीत एकदा आवळली, मग दुसऱ्यांदा. डोमाने मूठ सैल केली. मासा कलंडला नाही. क्षणभर तो त्याच्या हातांवर नुसता टेकून होता. मग एक जोराचा धक्का बसला, डोमाच्या तोंडावर पाणी उडाले आणि हात रिकामे झाले.

सचिन काठावर खाली बसला. "गेला," तो म्हणाला. "गेला ना डोमाभाऊ?"

डोमा पाण्यातून बाहेर येत होता.

सोमवारी पहाटेच त्याने डोंगा काढला आणि सगळा काठ फिरून आला. काही नव्हते. दहाला सचिनचा फोन आला. "दिसला?"

"नाही."

"म्हणजे चांगलं आहे."

मंगळवारी पुन्हा फोन. "दिसला?" नाही. तिसरा दिवस सरला. त्या दिवशी डोमा दोनदा जेवला, दुपारी थोडा आडवाही झाला. पार्वताबाईने बऱ्याच दिवसांनी त्याला झोपलेला पाहिला. बुधवारी सचिनच्या आवाजात हसू होते. "चौथा दिवस. जगला म्हणायचं ना आता?"

"दिसला नाही, असं म्हना साहेब."

गुरुवारी सकाळी तो दिसला. तलावाच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात, कमळाच्या पानांत, पांढरे पोट वर. एवढा मोठा मासा मरायलाही जास्त दिवस घेतो, हे डोमाच्या कॅलेंडरात कुठे लिहिलेले नव्हते. त्याला डोंग्यात घेणे एकट्याला जमेना. दोराने बांधून ओढत आणावे लागले. काठावर आल्यावर त्याने आपणहून फोन लावला. मग सचिन म्हणाला, "गाडू नका. मी येतो."

नागपूरहून यायला त्याला दुपार झाली. ऑफिसचे कपडे, चामडी बूट. मासा मोहाखाली ओल्या पोत्यांनी झाकला होता, तरी वास सुटला होता. सचिनने पोते बाजूला केले आणि उकिडवा बसून पाहिले. जबड्यात काट्याचे भोक होते, दोन्ही कुशींवर पांढरे पट्टे. डोमाने विळ्याने गळा उघडून दाखवला. आतले सगळे काळे पडले होते.

"त्या दिवशी दोरा कापला असता तर?"

"काय मालूम साहेब. उन्ह बी होतं, टांगला बी होता. म्या पाच घंटे धरला, म्हून कदाचित पाच रोज जगला. तेवढंच."

जमीन मेमध्ये दगडासारखी होते. सचिनने डोमाच्या हातून लोखंडी सब्बल घेतली. दहा मिनिटांत त्याच्या तळव्यांना फोड आले. त्याने सब्बल सोडली नाही. टोल्यातली माणसे लांबून पाहत होती. जनाबाई मात्र काठी टेकत जवळ आली, माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत तिने नजर फिरवली.

"एवढा मासा," ती म्हणाली. "आमी मारला असता तं सारा टोला जेवला असता."

सचिनने मान वर केली. मग तो पुन्हा खणू लागला. जनाबाई रागावून बोलली नव्हती. तिने खड्ड्याची खोली पाहिली, "आनखीन हातभर करा, कुत्रे उकरतीन," असे सांगितले आणि ती गेली.

महिन्याभरात क्लबचे नवे नियम आले. एप्रिल ते जून तलाव बंद. हात ओले केल्याशिवाय माशाला हात नाही, टांगून वजन नाही, गिळलेली गरी ओढायची नाही, दोरा कापायचा. तीन महिने बंद म्हणून क्लबने संस्थेची रक्कमही कमी केली. संस्थेची बैठक झाली. डोमाला बोलावले नव्हते. दुसऱ्या दिवशी श्यामराव आला, आणि या वेळी आत येऊन बसला.

"लोक लय बोलून राहिले," तो म्हणाला. "म्हनतेत, राखनदारानं राखन करावं. मासे मरून राहिले का जगून, हे त्याले कोन सांगतलं होतं? मी एकटा का करू डोमा?"

"कोन येते आता?"

"इश्वर. राइस मिलमधून काढलं त्याले, घरीच हाय."

"बरा हाय इश्वर," डोमा म्हणाला. पार्वताबाईने चहा आणला. श्यामरावाने तो बशीत ओतला, पण बशी बराच वेळ तोंडाला लावली नाही.

सचिनने फोनवर सांगितले की तो संस्थेशी बोलेल, क्लबकडून वेगळा पगार देता येईल. डोमा म्हणाला, "संस्थेनं ठेवलं होतं, संस्थेनं काढलं. तुमी तेवढे नियम पाळा."

पहिल्या तारखेला त्याने इश्वरला डोंग्यात बसवून तलाव फिरवला. इश्वर चाळिशीचा, पोती वाहून खांदे रुंद झालेला माणूस. ढिवराचा असून बरीच वर्षे तुमसरला राहिल्याने त्याला वल्हे नीट धरता येत नव्हते. डोमाने त्याला पाळीचे झिरपणारे ठिकाण दाखवले, बाहेरचे लोक कुठून शिरतात ते दाखवले. कमळाचा कोपरा आणि बेशरमीची झुडपे दाखवली.

"रविवार झाला का मंगळवारी इथं पाहाजो. बुधवारी बी. मोठा असन तं आठवडाभर पाहाजो."

"आन् मेला भेटला तं गाडाचा?"

"हव. खोल गाडजो."

इश्वर काही वेळ वल्हे मारत राहिला. पाणी चढू लागले होते, धानाच्या पऱ्ह्यांचा, कोवळ्या रोपांचा, हिरवा पट्टा पाळीखाली दिसत होता.

"आन् जित्ता भेटला तं, डोमादादा? अर्धमेला?"

डोंगा थांबवायला सांगून डोमा काठाशी पाण्यात उतरला, आणि इश्वरलाही त्याने उतरायला लावले. इश्वरचे पोत्यांनी घट्टे पडलेले दोन्ही हात त्याने पाण्याखाली धरले, एक पुढे, एक मागे, तळवे वर.

"असा," तो म्हणाला. "आवळाचं नाही. नुसता टेकू द्याचा."

दोघे तसेच उभे राहिले. हातांवर काही नव्हते. गढूळ पाणी बोटांमधून जात होते.

"किती वेळ?" इश्वरने विचारले.

"मी सांगतो," डोमा म्हणाला, आणि त्याने हात काढून घेतले नाहीत.